चॉकलेटचं रक्त

मेलेली माणसं उठून जिवंतांना खायला निघतात, या कल्पनेवर आज ढीगभर सिनेमे आहेत. त्यांचा मूळपुरुष म्हणजे जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. खर्च साधारण एक लाख चौदा हजार डॉलर. चित्रीकरण अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या आसपास, तेही कृष्णधवल. रक्त म्हणून चक्क चॉकलेटचं सिरप वापरलं, आणि पडद्यावर ते बेमालूम खपून गेलं.

पण एवढा उदोउदो व्हावा असं त्यात आहे का? काहींचा अभिनय हौशी नाटकातला वाटतो. तळघरात लपायचं की वरच थांबायचं, हा पात्रांमधला वाद तर नको तितका ताणलाय. पण ड्वेन जोन्स पाहा! त्या काळात कृष्णवर्णीय नट नायक, आणि त्याच्या रंगाबद्दल सिनेमाभर अवाक्षर नाही. रात्रभर मुडद्यांशी झुंजून तो तगतो. सकाळी (शेवट फोडतोय, माफ करा) मुडदे टिपत आलेली बंदूकधारी टोळी खिडकीतल्या त्यालाच गोळी घालते. मग येतात वर्तमानपत्रातल्यासारखी दाणेदार, स्थिर छायाचित्रं. माझ्या अंगावर काटा येतो तो तिथे. मुडदे पाहून नाही.

आणखी एक गंमत. सिनेमाचं नाव बदलताना पडद्यावरची स्वामित्वहक्काची ओळच गळली. सिनेमा कुणाच्याच मालकीचा उरला नाही. मग ज्याला हवा त्यानं तो दाखवला, विकला. त्याच्या कीर्तीत या चुकीचाही मोठा वाटा आहे.