निळा बिल्ला



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत संगणकावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण दहावीपुढे गेले नाही. जे थोडेफार कळले ते युनियनच्या कचेरीतल्या जुन्या यंत्रापुढे बसून आणि पोरांना विचारून विचारून कळले. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर ज्याचा जन्म फाटके आणि कुलपे पाहण्यात गेला असा माणूस म्हणून आम्ही चार शब्द सांगणार आहोत.

संगणक चालवणारी जी मूळ व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ती बाजारात येण्यापूर्वी तिच्या शेकडो कच्च्या प्रती निघतात. त्यांना बिल्ड म्हणतात. या प्रतींत पुढची सजावट पुष्कळदा आधीच लिहून ठेवलेली असते, परंतु पाहणाऱ्याला ती दिसत नाही. ती उघडून पाहणारे छांदिष्ट जगभर आहेत. रिकामटेकड्यांचा खेळ, असे आम्हीही प्रथम म्हटले होते.

२८ ऑक्टोबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या परिषदेत मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची नवी टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाची पट्टी, व्यासपीठावरून दाखवली. जमलेल्यांना घरी नेण्यास ६८०१ क्रमांकाची प्रत दिली. लोकांनी ती आपापल्या यंत्रावर चढवली, तो पट्टी जुनीच! राफाएल रिव्हेरा नावाच्या एका जाणकाराने प्रत उकलून पाहिली, तेव्हा नवी पट्टी आतच असल्याचे आढळले. तिच्या दाराशी मात्र एक पहारेकरी बसवला होता. ‘हे यंत्र कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातले आहे काय?’ असे तो विचारी. होय म्हटले तर नवी पट्टी, नाही म्हटले तर जुनी. रिव्हेरा यांनी नवे काही बनवले नाही. उत्तर नेहमी ‘होय’ यावे, एवढीच व्यवस्था केली.

त्यांनी आपल्या साधनाला नाव दिले ‘ब्लू बॅज’, म्हणजे निळा बिल्ला. हे नाव वाचले आणि आम्ही खुर्चीत सरळ होऊन बसलो. मायक्रोसॉफ्टमध्ये निळा बिल्ला असतो तो कायम नोकराच्या छातीवर. हंगामी आणि एजन्सीमार्फत आलेल्यांचा बिल्ला नारिंगी असे. वर्षानुवर्षे त्याच खोलीत तेच काम करून बिल्ल्याच्या रंगापायी सवलतींना मुकलेल्या अशा लोकांनी १९९२ मध्ये कंपनीवर दावा लावला. विझकाइनो खटला या नावाने तो प्रसिद्ध आहे. २००० च्या डिसेंबरात तडजोड झाली आणि कंपनीने सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलर मोजायचे कबूल केले. वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही ऐन उमेदीत कामाला होतो. तिथेही पासाचे दोन रंग होते, आणि यंत्र एकच असले तरी कँटीनची थाळी पासाचा रंग पाहून वाढली जाई. तेव्हा त्या पहारेकऱ्याचा प्रश्न आम्हांला नवा नव्हता. ‘तुला काय येते’ असे तो विचारीतच नाही. ‘तू कोणाचा’ एवढेच विचारतो.

आता दुसरी बाजू. अर्धे शिवलेले कापड शिंपी गिऱ्हाइकाला देत नाही, यात त्याची लबाडी नसते. लॉन्गहॉर्न या टोपणनावाच्या विंडोजची ४०७४ क्रमांकाची प्रत २००४ च्या मे महिन्यात वाटली गेली. तिच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, काही नोंदी घातल्या की काचेसारख्या पारदर्शक चौकटी पडद्यावर येत. पुढे ऑगस्टमध्ये कंपनीने त्या कामाचा मोठा भाग बाजूला सारून दुसऱ्या पायावर बांधणी सुरू केली आणि व्हिस्टा लोकांच्या हाती पडली ती ३० जानेवारी २००७ ला. ज्यांनी त्या पहिल्या काचा घडवल्या, त्यांचे ते काम आज पाहायला मिळते ते या छांदिष्टांमुळेच. (मात्र ज्या यंत्रावर युनियनचा हिशेब असेल, त्यावर असले प्रयोग कोणी करू नयेत. आमचा एक हिशेब असाच गेला!)

परंतु हे झाले बाहेरचे, आणि तेही कच्च्या मालाचे. आमची स्वतःची गोष्ट राहिली, आणि ती पक्क्या, विकत घेतलेल्या मालाची आहे. विंडोज २००० पासून मराठीची सोय आत होती. तिच्यातला ‘मंगल’ हा टंक प्रा. र. कृ. जोशी या मराठी माणसाने घडवला. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी कित्येक वर्षे अक्षरकला शिकवली. पण पुढच्या विंडोज एक्सपीतसुद्धा ही सोय आपोआप चालू होत नसे. भाषांच्या पानावर जाऊन एका चौकोनात खूण करायची, मूळ सीडी घालायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे, तेव्हा कुठे अक्षरे उमटत. नाहीतर नुसते चौकोन. व्हिस्टापासून ही खटपट राहिली नाही. (त्या यादीत ‘कन्नड’ दिसले म्हणून आपल्या गावातल्या एकाला फार आनंद झाला होता. ती कानडी भाषा निघाली.)

२००६ साली एका कंत्राटी कामगाराच्या थकलेल्या पगाराचा अर्ज आम्ही कामगार न्यायालयात चालवीत होतो. तो पुण्याला भाच्याकडे राहायला गेला होता. भाच्याने आमच्या कचेरीला ई-मेल पाठवली, ती आमच्या यंत्रावर सगळी चौकोनांची आली. पत्र वाटेत खराब झाले, असे समजून आम्ही ते तसेच ठेवले. फोन का केला नाही, असे तुम्ही विचाराल. आम्हीही विचारले. मराठीत लिहिता येऊ लागले याचाच त्या पोराला आनंद झाला होता, आणि आकडेसुद्धा त्याने मराठीच वापरले होते.

सुनावणी अलीकडे आली होती. आम्ही हजर नाही म्हणून अर्ज काढून टाकला गेला, आणि तो पुन्हा उभा करण्यात आठ महिने गेले. ते आठ महिने त्या माणसाने पुण्यात रात्रपाळीचा पहारा करून काढले.

मराठी त्या यंत्रात आहे, हे आम्हांला सांगितले ते पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या एका मुलाने. दुसऱ्याच कामासाठी तो आला होता. त्याने चौकोनात खूण केली, सीडी मागितली, ती आमच्याच कपाटात धूळ खात पडली होती. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले आणि तेच पत्र उघडले. अक्षर न् अक्षर जागच्या जागी होते. तारीख पहिल्याच ओळीत होती, आणि ती उलटून अकरा दिवस झाले होते.