खोडदचे कान आणि मंगळावरचा हिशेब

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलात, की आंबेगाव तालुक्यातले मंचर मागे पडते आणि नारायणगाव येते. तेथून आत वळले की जुन्नर तालुक्यातले खोडद. शेतांच्या पलीकडे तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतील. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही रेडिओ दुर्बीण. तबकड्या 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, पसारा सुमारे 25 किलोमीटरांचा.

दुर्बीण म्हटली की डोळा कुठे लावायचा, असे तुम्ही विचाराल. इथे डोळ्याचे काम गणकयंत्राचे. एकेकटी तबकडी नुसती खरखर ऐकते. मग दोन तबकड्यांची खरखर एकमेकींशी ताडून पाहायची. दोघींत जे जुळेल ते आकाशाचे. तिसांच्या अशा जोड्या होतात 435! पूर्वी हे ताडण्याचे काम खास घडवलेली यंत्रणा करी; 2010 च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या गणकयंत्रांवरच्या प्रोग्रॅमकडे आले. आता विजेच्या तारेवरची ठिणगीही शेजारच्या दोघींना ऐकू जातेच. तीही प्रोग्रॅमनेच वगळायची, आणि वगळताना खरे ते तर गेले नाही ना, हे माणसाने पाहायचे. खरी मेहनत इथेच आहे.

19 ऑक्टोबर 2016 रोजी हे कान मंगळाकडे लागले होते. युरोपचे 'शियापारेली' यान तेथे उतरत होते. त्याचा क्षीण संदेश खोडदला मिळत होता. यानाचा वेग बदलला की संदेशाची कंप्रता बदलते; ती रेघ पाहून उतरण्याचा अंदाज येई. उतरण्याच्या वेळेच्या थोडे आधी संदेश थांबला.

पुढे चौकशी झाली. हवाई छत्री उघडल्यावर यान हेलकावले आणि त्याची फिरकी मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल आकड्यावरच अडकून राहिले. प्रोग्रॅमने तो आकडा खरा मानून हिशेब केला, आणि उंची निघाली जमिनीच्याही खाली! प्रत्यक्षात यान सुमारे 3.7 किलोमीटर वर होते. पण हिशेबाप्रमाणे ते पोचलेले. म्हणून छत्री सोडली, वेग आवरणारे अग्निबाण जेमतेम पेटून विझले आणि यान कोसळले. उंची मोजणारे रडार त्याच यानावर होते, आणि ते नीट चालत होते.