चुंबकाजवळचा चाकू

रुग्णालयातील बहुतेक एमआरआय यंत्रांचे चुंबकत्व दिव्यासारखे मालवत नाही; खोली रिकामी असतानाही ते जागेच असते. दीड टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाहून सुमारे ३०,००० पट प्रबळ! तेथे दुरुस्तीस जाणाऱ्याच्या खिशातील साधा चाकू रुग्णावर झेपावणारे अस्त्र ठरू शकतो. ‘स्टेनलेस’ या शब्दावर विसंबू नये. न गंजणे निराळे, ओढले न जाणे निराळे. पात्याचे कठीण स्टेनलेस पोलाद बहुधा चुंबकाकडे धावतेच. पाते झिर्कोनियाचे किंवा टायटॅनियमचे असावे. पहिले धार राखते, पण पडल्यास तुटते. दुसरे चिवट, पण लवकर बोथटते. स्प्रिंग, खिळा, स्क्रूही लहान लोहचुंबकाने तपासावेत, मात्र खोलीबाहेरच. अखेरची अनुज्ञा तेथील सुरक्षा-अधिकाऱ्याची.