चार बोटं, 21 तारा

कोरा हे वाद्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं, दोन-तीन वादक एकत्र बसले असावेत. वाजवत असतो एकच माणूस, तोही फक्त चार बोटांनी.

गाम्बिया, सेनेगल, गिनी, गिनी-बिसाऊ आणि माली हा या वाद्याचा मुलूख. अर्ध्या कापलेल्या मोठ्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणायचं, लांब लाकडी दांडा बसवायचा आणि 21 तारा दोन रांगांत लावायच्या; डावीकडे 11, उजवीकडे 10. पूर्वी या तारा म्हणजे पिळलेल्या कातड्याच्या वाद्या असत, आता मासेमारीची नायलॉनची दोरी असते.

दोन्ही अंगठे एक छोटी सुरावट अखंड फिरवत ठेवतात. तिला कुम्बेंगो म्हणतात. तबल्याच्या एकलवादनात लेहरा फिरत राहतो तशी. मात्र इथे लेहरा धरणारा आणि त्यावर खेळणारा एकच. तर्जन्या मधूनच सुटतात, झरझर खाली उतरतात आणि पुन्हा त्या फेऱ्यात मिसळतात. हे झालं बिरिमिंतिंगो. एक स्वर विरण्याआधीच पुढचा उमटतो, म्हणून ऐकणाऱ्याचं मन कुठे अडखळत नाही. मन स्थिरावतं ते यामुळेच, असं मला वाटतं.

पण झोप लागावी म्हणून कोरा लावणं मला खटकतं. हे वाद्य जाली घराण्यांचं: द्याबाते, कुयाते, सिसोको. राजांच्या वंशावळी, माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाताची गाथा पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवणारी ही माणसं. त्यांचं गाणं खणखणीत, भर सभेत हाक मारणारं असतं. कोरा ऐकताना लाभणारी शांतता माणसांनी, नावांनी भरलेली आहे.

डाकारजवळच्या केर मूसा मठातल्या ख्रिस्ती संन्याशांनी हाच कोरा आपल्या प्रार्थनेत घेतला. बहुतेक जाली मुसलमान. तरी वाद्य तिथेही सहज रमलं.

कोरावादक तुमानी द्याबाते 2024 मध्ये गेले. त्यांनी बालाके सिसोको यांच्याबरोबर केलेली, 1999 ची ‘न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज’ ही ध्वनिमुद्रिका जरूर मिळवा. दोघांच्या वडिलांनी 1970 च्या ‘एन्शंट स्ट्रिंग्ज’मध्ये कोरा वाजवला होता, मुलांनी त्यांना वाहिलेली ही आदरांजली. पहिल्या वेळी फक्त खर्जाच्या तारांकडे कान ठेवा. तो फेरा ओळखीचा झाला, की दोघांपैकी कोण केव्हा बाहेर पडतो आणि दुसरा त्याच्यासाठी कशी जागा करून देतो, ते आपोआप ऐकू येईल.