गोळी आणि सूर

मंडळी, मनाच्या आजारावरच्या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण काही गोळ्यांनी कानाला आणि डोळ्याला भलतेच भासते. ते आज आम्ही सांगणार आहोत.

कार्बामाझेपिन नावाची एक गोळी आहे. ती फेफऱ्यावर देतात. मन कधी फार उसळते, कधी फार खचते, त्या आजारावरही देतात. समजा, एका पेटीवाल्या बुवांना ही गोळी सुरू झाली. चार-आठ दिवसांनी ते भजनाला बसले. दाबली काळी एक, तर ऐकू आली पांढरी एक! बुवा म्हणाले, "पेटी उतरली." टाळकरी म्हणाले, "पेटी ठीक आहे, बुवांचंच डोकं पुन्हा फिरलं." घरची माणसे निघाली देवऋषाकडे.

आता खरे काय? पेटीही ठीक, बुवाही ठीक. या गोळीने काही थोड्या लोकांना प्रत्येक आवाज अर्धा सूर खाली ऐकू येतो. पेटी, टाळ, देवळातली घंटा, सगळेच सारखे उतरते. म्हणून ज्याला सुराची पक्की ओळख नाही, त्याच्या ते ध्यानातही येत नाही. जपानातल्या डॉक्टरांनी असे रोगी पाहून लिहून ठेवले आहेत. डॉक्टरांनी गोळी बदलली की सूर जागेवर येतो. आपणहून मात्र ती एकदम टाकायची नाही. फेफऱ्याच्या रोग्याला मग झटक्यांवर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

दुसरी गोळी ट्रायहेक्सिफेनिडिल. नाव जिभेला जड आहे, चिठ्ठीवर पाहून घ्या. मनाच्या आजाराच्या काही औषधांनी हातपाय ताठरतात, थरथरतात. त्यावर ही देतात. हिने जवळचे पुसट दिसते. वर्गातल्या एखाद्या वहिनीला अक्षरे दिसेनाशी होतात. ती म्हणते, "आपल्याला नाही हो जमायचं," आणि पाटी ठेवून देते. दोष तिच्या बुद्धीचा नसतो, गोळीचा असतो! म्हाताऱ्या माणसाला तर कधी नसलेली माणसेही दिसतात. मेलेला भाऊ अंगणात दिसला, की घरात रडारड. अंगारा लावायचा तर लावा, पण त्याच दिवशी गोळ्यांचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

तिथे "बरं वाटत नाही" एवढ्याने भागत नाही. गोळी कधी सुरू झाली, भास कधीपासून, दोन्ही तारखा कागदावर लिहून न्या. तुम्हाला आता लिहिता येते. दवाखाना लांब असला तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस फोन २०२२ पासून आहे. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.