पिवळा पडलेला व्हॅक्युम क्लीनर आणि माझे उन्हातले उद्योग

कानात इअरफोन, हातात चहा किंवा लोकलचा दांडा, जे असेल ते असू दे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बी.टेक. कॉम्प्युटरमध्ये केलंय, म्हणजे केमिस्ट्रीशी माझा शेवटचा अधिकृत संबंध पहिल्या वर्षी आला आणि तिथेच संपला. तरी आज केमिस्ट्रीवर बोलणार आहे. कारण आमच्या घरचा जुना व्हॅक्युम क्लीनर.

झालं असं, की आमची पुण्यातली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करायचं होतं. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येत होती, त्यात हा आला. १९९८ चा. मूळचा पांढरा. आता एक बाजू जुन्या वर्तमानपत्रासारखी आणि दुसरी थेट हळदीत बुडवल्यासारखी. भंगारवाला म्हणाला दीडशे रुपये. मी हो म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, "तो राहू दे." मी विचारलं, का? तर, "राहू दे म्हटलं ना!" विषय संपला. मग मी ठरवलं, राहणारच असेल तर निदान बरा दिसू दे.

तुमच्यापैकी जे लहान आहेत त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. आपल्याकडे व्हॅक्युम क्लीनर दुकानातून कमी आणि दारातून जास्त आला. युरेका फोर्ब्स ही कंपनी १९८२ मध्ये सुरू झाली, स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सबरोबर भागीदारीत, आणि टाय लावलेला सेल्समन घरोघरी जाऊन डेमो देतो ही पद्धत तिने इथे रुजवली. मग इतरही आले. आमचा कुठल्या कंपनीचा ते सोडा. आई सांगते, त्या माणसाने आमच्याच गादीवर मशीन फिरवलं आणि निघालेली धूळ पांढऱ्या कापडावर ओतून दाखवली. आजी म्हणाली होती, "आमच्या केरसुणीने काय घोडं मारलंय?"

आता मुद्द्यावर. मी आधी साबणाने घासला, मग खायच्या सोड्याने, मग टूथपेस्टने. काहीही फरक नाही. कारण तो पिवळेपणा मळ नाहीच.

हे प्लास्टिक म्हणजे बहुतेक वेळा एबीएस. अ‍ॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाईन आणि स्टायरीन, तिघांची मोट. यातला ब्युटाडाईनचा भाग रबरासारखा असतो, म्हणून मशीन आपटलं तरी सहसा फुटत नाही. पण त्याच भागात कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि तिथे ऑक्सिजन घुसतो. ऊन, विशेषतः अतिनील किरण, त्याला मदत करतात. उष्णताही करते, त्यामुळे कपाटातली वस्तूसुद्धा पिवळी पडू शकते. तयार होणारे नवे रेणू निळा प्रकाश शोषतात, म्हणून आपल्याला पिवळं दिसतं. आग लवकर लागू नये म्हणून काही प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगं घालतात, त्यांनाही दोष दिला जातो. ते एक कारण आहे, एकमेव नाही. प्रत्येक घाणीतलं प्लास्टिक सारखं नसतं. जुन्या सुपर निन्टेन्डोचे फोटो बघा, वरचं झाकण करडं आणि खालचं पिवळं, किंवा उलट. दोन्ही एकाच कन्सोलचे.

उपाय रेट्रो कॉम्प्युटरवाल्यांनी २००८ च्या सुमारास लोकप्रिय केला. नाव रेट्रोब्राइट. हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं आणि उन्हात ठेवायचं. ऊन आणि पेरॉक्साइड मिळून ते रंग दाखवणारे रेणू तोडतात. बस, एवढंच.

मला वाटलं, सोपं आहे! सलूनच्या सामानाच्या दुकानातून केस ब्लीच करायचं १२ टक्क्यांचं क्रीम आणलं. पुढच्या झाकणाला थापलं, वरून क्लिंग फिल्म गुंडाळली, मे महिन्यात गच्चीवर ठेवलं आणि खाली येऊन मीटिंगला बसले. मीटिंग लांबली. चार तासांनी वर गेले, तर फिल्मला जिथे सुरकुत्या होत्या तिथे क्रीम सरकून वाळलेलं. धुतल्यावर झाकणावर पांढरे-पिवळे पट्टे. मार्बल केकसारखे.

ऑफिसमध्ये मी ज्युनिअर्सना रोज सांगते, प्रॉडक्शनवर टेस्ट करू नका. आणि इथे सगळ्यात दर्शनी भागावर पहिला प्रयोग केला. (हसते) पिशवी बसते त्या कप्प्याच्या आतल्या तुकड्यावर करून बघता आलं असतं. कुणाला दिसलंही नसतं.

दुसऱ्या वेळी शहाणपण आलं. केमिस्टकडे ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड मिळतं, त्याच्या आठ बाटल्या आणल्या. त्याने काळजीने विचारलं, "घरी कुणाला लागलंय का?" तेवढंच पाणी घालून ३ टक्के केलं, पारदर्शक टबमध्ये झाकण पूर्ण बुडवलं. तरंगू नये म्हणून वर काचेची बरणी ठेवली. दर तासाला उलटं केलं. दोन दिवस, रोज सहा तास. बाकीचा भाग एकसारखा पांढरा झाला. पट्टे फिके झाले, पण गेले नाहीत. जिथे जास्त ब्लीच झालं तिथला रंग परत आणता येत नाही.

आणि मग खरा धडा. झाकण परत बसवताना 'कट' आवाज आला. लॉकची कडी तुटली. जोर लावला नव्हता, शप्पथ. ऑक्सिजनने नुसता रंग बदललेला नसतो, ते रबरासारखं लवचिक असलेलं प्लास्टिक वरच्या थरात कडक आणि ठिसूळ झालेलं असतं. पेरॉक्साइड रंग काढतं, ठिसूळपणा तसाच राहतो. परत उन्हात किंवा उष्णतेत ठेवलं तर काही वर्षांत पिवळेपणाही परत येऊ शकतो. म्हणजे आपण जे करतो त्याला दुरुस्ती म्हणणं जरा जास्तच होईल.

तुटकी कडी घेऊन मी आईसमोर गेले. वाटलं, आता ऐकावं लागणार. तिने झाकण हातात घेतलं, पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सुरू होतो का?"

झाला. तसाच घोंघावत. मग ती बोलली. मी वर्षाची होते तेव्हा मला सारखी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, घरात धूळ उडवू नका, केर काढताना बाळाला दुसऱ्या खोलीत न्या. आमच्याकडे दुसरी खोली नव्हती. आईने भिशीचे पैसे उचलून हा घेतला आणि आजीला सांगितलं, हप्त्यावर मिळाला. माझ्या पाळण्याशेजारी, खिडकीखाली तो कायम उभा असायचा. खिडकीकडची ती हळदी बाजू म्हणजे ती वर्षं. आणि मी ती दीडशे रुपयांना द्यायला निघाले होते.

ती बाजू मी आता करणार नाही. आठवणीसाठी म्हणा, आणि खरं सांगायचं तर दुसरी कडी तुटायची भीती आहे म्हणूनही. तुटलेली कडी इपॉक्सीने चिकटवली आहे, धरून आहे.

तुम्हाला करायचं असेल तर ऐका. प्लग काढा, सुटे भाग करताना प्रत्येक स्क्रूचा फोटो काढा. मोटर, वायर, रबर, धातू यातलं काहीही बुडवायचं नाही. स्टिकर जपून काढा, त्याखाली मूळ रंग दिसतो, तिथपर्यंतच जायचं. रंगीत भाग आणि छापलेली अक्षरं फिकी पडतात, ती लांब ठेवा. हातमोजे आणि गॉगल हवेतच, १२ टक्क्यांचं क्रीम कातडी जाळतं. टबचं झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. त्यात व्हिनेगर किंवा फरशीचं ब्लीच अजिबात मिसळू नका. आणि जुनं मशीन सुरू करण्याआधी वायर आणि कार्बन ब्रश इलेक्ट्रिशियनला दाखवा.

आणि हो, सगळ्यात आधी घरच्यांना विचारा, ही वस्तू का ठेवलीय. मी ते सगळ्यात शेवटी विचारलं.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर गच्चीवर काही ठेवलं असेल तर बघून या.