तालमींतून पडद्यावर : भगवानदादा

मावळांत जत्रांचे दिवस आले, कीं लोणावळ्यालगतच्या कुसगांवापासून थेट पवनेच्या खोऱ्यापर्यंत गांवोगांव कुस्त्यांचे आखाडे भरूं लागतात. आरंभीं पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या होतात; मग हलगीचा ठेका चढतो आणि उतरत्या उन्हांत इनामाच्या जोडी लागतात. या मातींत ज्यांचें अंग घडलें, त्यांतील कित्येक तरुण पोटासाठीं घांट उतरून मुंबईस गेले, गिरण्यांत लागले, आणि जातांना आपली तालीमहि बरोबर घेऊन गेले. लालबाग, परळ, दादर या भागांतील चाळींच्या आडोशाला ज्या तालमी उभ्या राहिल्या, त्यांचें मूळ असें घांटावरच्या आणि कोंकणांतल्या खेड्यांत सांपडतें. आजच्या भाषणाचा नायक त्याच गिरणगांवांत वाढलेला, एका गिरणी-कामगाराचा मुलगा.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ सालीं अमरावतीस झाला. बालपण गेलें तें दादर-परळच्या वस्तींत. शिक्षण बेताचेंच झालें. घरच्या ओढाताणीमुळें लहान वयांत मजुरीहि करावी लागली. परंतु दोन गोष्टींचा नाद मात्र सुटला नाहीं : एक व्यायाम व कुस्ती, आणि दुसरा सिनेमा. अमेरिकेंतील डग्लस फेअरबँक्स हा नट त्या वेळीं भिंतींवरून उड्या घेत आणि तलवारीचे हात करीत सगळ्या जगाला वेड लावीत होता. गिरणगांवांतील या तगड्या पोराला त्याच्यांत आपलें दैवत दिसलें.

तो काळ मूकपटांचा होता, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. मूकपटाला भाषा नाहीं; म्हणून नटाला शुद्ध उच्चार नको, पाठांतर नको, गोड गळाहि नको. त्याला पाहिजे तें बोलणारें शरीर. घोड्यावर मांड ठोकणें, माडीवरून उडी घेणें, चौघांना अंगावर घेणें, या गोष्टी तालमींतल्या गड्याला परक्या नव्हत्या. मास्टर विठ्ठल अशाच धाडसी भूमिकांनीं मूकपटांत गाजले, आणि १९३१ सालीं ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट निघाला, तेव्हां त्याचे नायकहि तेच झाले. भगवान यांना आरंभीं मूकपटांत लहानसहान कामें मिळालीं. परंतु हा मनुष्य नुसता उड्या मारून घरीं जाणारा नव्हता. कॅमेरा कोठें ठेवतात, प्रकाश कसा घेतात, तुकडे कसे जोडतात, हें तो डोळे उघडे ठेवून पाहात होता. पदवी नसलेल्या माणसाला विद्या मिळते ती बहुधा अशीच.

१९३८ सालीं चंद्रराव कदम यांच्या जोडीनें त्यांनीं ‘बहादुर किसान’ हा बोलपट दिग्दर्शित केला. तेथून पुढें १९४९ पर्यंत भगवान यांनीं मारधाडीच्या स्वस्त बोलपटांची रांगच लावली. पांसष्ट हजार रुपयांत ते एक बोलपट पुरा करीत, असें सांगतात. नटांच्या कपड्यांपासून जेवणापर्यंतची सारी व्यवस्था त्यांच्याच अंगावर असे. धोक्याच्या प्रसंगीं बदली माणूस उभा करण्याची त्यांची रीत नव्हती. उडी घ्यावयाची तर ती स्वतःच घ्यावयाची. १९४१ सालीं तर या मराठी माणसानें मद्रासकडे ‘वनमोहिनी’ हा तामिळ बोलपट काढला आणि त्यांत चंद्रू नांवाच्या हत्तीकडून काम करून घेतलें! पुढच्याच वर्षीं ‘जागृति’ ही स्वतःची चित्रसंस्था निघाली, आणि १९४७ सालीं चेंबूरला स्वतःचा स्टुडिओहि झाला.

या बोलपटांना पांढरपेशा घरांतून कोणी जात नसे. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांचे बोलपट म्हणजे प्रभातचे. ‘संत तुकाराम’ पाहून मंडळी डोळे पुसत आणि ‘माणूस’वर दिवाणखान्यांत चर्चा करीत. भगवान यांचा प्रेक्षक दिवसभर मागाशीं उभा राहून संध्याकाळीं चार आण्यांच्या जागेवर येऊन बसणारा. त्याला आपल्यासारखाच एक भोळासांवळा, ठेंगणाठुसका गडी गुंडांना लोळवतांना दिसे, आणि तो शिट्ट्या वाजवी. त्या बोलपटांपैकीं बहुतेक आज पाहावयास मिळत नाहींत. मूळ प्रती ज्या गुदामांत होत्या, तें आगींत सांपडलें असें म्हणतात. तेव्हां त्यांची खरी योग्यता आतां कोणी सांगूं शकणार नाहीं. तथापि ज्यांनीं ते पाहिले नाहींत, त्यांनींच त्यांना सर्वांत अधिक नांवें ठेविलीं, हेंहि खरें आहे.

याच धांवपळीच्या काळांत एक प्रसंग घडला. तो टाळून हें चरित्र सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९४२ सालीं ‘जंग-ए-आझादी’ या बोलपटाचें चित्रण चालू होतें. कथेप्रमाणें भगवान यांनीं नायिकेच्या थोबाडींत मारावयाची होती. नायिका होत्या ललिता पवार. मूळच्या येवल्याच्या, आणि स्वतःहि धाडसी कामांबद्दल नांवाजलेल्या. तालमींत कमावलेला तो हात हिशेबाबाहेर पडला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला, आणि तीन वर्षें उपचारांत गेलीं. नायिकेचीं कामें त्यानंतर संपलीं तीं संपलींच. आखाड्यांत समोरचा गडी बरोबरीचा असतो आणि बळ राखून चालत नाहीं. पडद्यावरचा प्रहार मात्र प्रेक्षकाला खरा वाटावा आणि अंगाला लागूं नये, ही अगदीं निराळी विद्या आहे. त्या दिवसांत ती शिकविणारें फारसें कोणी नव्हतें. ललिताबाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि कजाग सासूच्या भूमिकांनीं घरोघर ठाऊक झाल्या, ही त्यांची स्वतःची जिद्द. तिचें श्रेय त्या थपडेला देण्याची जी एक रीत पडली आहे, ती मात्र बरी नव्हे.

१९४९ च्या ‘भेदी बंगला’नंतर राज कपूर यांनीं भगवान यांना सल्ला दिला, कीं मारामारी पुरे, आतां एक सामाजिक बोलपट काढा. हा सल्ला मानून १९५१ सालीं ‘अलबेला’ निघाला. नायिका गीता बाली, आणि संगीत सी. रामचंद्र यांचें. पुणतांब्याच्या या संगीतकाराची आणि भगवान यांची दोस्ती जुनी. कथा साधीच : गरीब घर, लग्नाची बहीण, आणि नाटकाचें वेड घेतलेला, घराबाहेर काढलेला मुलगा. परंतु त्यांतील गाण्यांनीं आणि नाचांनीं सारा देश हालवून सोडला. भगवान यांचा तो नाच पाहण्यासारखा आहे. त्यांत गिरकी नाहीं कीं झेप नाहीं. पाय जमिनीशीं घट्ट, गुडघे किंचित् वांकलेले, आणि सारा डौल खांद्यांत व मनगटांत. मातींत उभा राहिलेला मल्ल सलामी देऊन अंग सैल सोडतो, अगदीं तसा. पुढें अमिताभ बच्चनसारख्या उंच्यापुऱ्या नटाच्या नाचांतहि तीच चाल उतरली.

मग वैभव आलें. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, आणि आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी. पण ‘अलबेला’ पुन्हा घडला नाहीं. १९५३ चा ‘झमेला’ त्याच मंडळींना घेऊन काढला, त्याला ती रंगत आली नाहीं. १९५६ च्या ‘भागम भाग’नेंहि गाडें पूर्वपदावर आलें नाहीं, आणि १९६६ चा ‘लाबेला’ तर पडलाच. किशोरकुमार यांना घेऊन आरंभलेला एक चित्रपट अर्ध्यावर राहिला व त्यांत घातलेला पैसा बुडाला. मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला, बंगला गेला. स्वतः चित्रपट काढणारा हा माणूस दुसऱ्यांच्या चित्रपटांत घटकाभराचीं कामें करूं लागला. गर्दींत नाचणारा, दारांत उभा राहणारा, एखादें वाक्य बोलणारा. जें मिळेल तें काम. त्यानें तें कधीं कमीपणाचें मानलें नाहीं. राहणें पुन्हा दादर-परळच्या चाळींत आलें. जुन्या मित्रांपैकीं सी. रामचंद्र, ओमप्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण एवढेच जिना चढून येत.

४ फेब्रुवारी २००२ रोजीं, वयाच्या ८८ व्या वर्षीं, भगवानदादा तेथेंच वारले. २०१६ सालीं शेखर सरतांडेल यांनीं त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट काढला. त्यांत मंगेश देसाई यांनीं दादांची भूमिका केली.

त्या भागांतील लोक अजून सांगतात, कीं दादांच्या अखेरच्या वर्षांत गणपति-विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीपाशीं आली म्हणजे थांबे. बँडवाले ‘अलबेला’तील चाल धरीत आणि सारे वर गॅलरीकडे पाहात राहत. मग म्हातारे दादा जिना उतरून खालीं येत, खांदे किंचित् हलवीत, मनगट फिरवीत, दोन पावलें टाकीत. आणि तेवढें झाल्यावर मिरवणूक पुढें सरके.